१११ महार : लढाई संपली, पलटण मोडली

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो. १८१८ हे साल लहान पोरांनाही तोंडपाठ आहे. पण पहिल्या महायुद्धात उभी राहिलेली '१११ महार' ही पलटण आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

कोरेगावच्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची नावे कोरणाऱ्या इंग्रजांनीच १८९२ मध्ये महारांची लष्करभरती बंद केली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढवय्या जातीं'चे थोतांड माजले होते. लष्कर म्हणजे केवळ पगार नव्हता. छावणीत शाळा होती. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, हे विसरू नये. भरती थांबली तशी ही वाटही बुजली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. सरकार ढिम्म.

पुढे महायुद्धात माणसे कमी पडू लागली. आधी दोन प्लाटून आणि जून १९१७ मध्ये अख्खी पलटण! कालपर्यंत लढायला नालायक असलेली माणसे एकाएकी लायक कशी झाली? युद्ध संपताच १९२० मध्ये ही पलटण ७१ पंजाबी पलटणीत मिसळली आणि मार्च १९२१ मध्ये मोडीत काढली. पुरती चार वर्षेही नाहीत.

वकील म्हणून मला यात एकच गोष्ट डाचते. हुकमाने उभी केली, हुकमानेच मोडली. आणि हुकूम काढणाऱ्यांत आपला माणूस नव्हता. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत लष्करबंदीचा प्रश्न मांडला तो उगाच नव्हे. जुलै १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. युद्धाची निकड तेव्हाही होतीच, नाही असे नाही. पण ही रेजिमेंट युद्धानंतर मोडली गेली नाही. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली.

कोकणात, देशावर कुणाच्या घरी पणजोबांची जुनी ट्रंक असेल तर ती उघडून पाहा. १११ आकड्याचा बिल्ला, डिस्चार्जचा कागद, एखादे पदक सापडले तर मोडीत घालू नका. विहाराच्या बैठकीत आणा, नाव-गाव लिहून ठेवा.