बजेट कापलं तर आधी बोटुकली वाचवा



मत्स्यसंपदा योजनेची मूळ मुदत २०२४-२५ पर्यंत होती, ती वाढवून २०२५-२६ केली. पुढे किती पैसा येणार, ही चर्चा सगळीकडे आहे. राज्यांत ही कामं केंद्र ६०, राज्य ४० अशी चालतात. म्हणजे वरचे ६० आटले की खालचे ४० पण अडकतात.

मध्य प्रदेशातल्या धार-देवासकडे बघा. धारमध्ये चिखल्दा, निसरपूर सरदार सरोवरात गेलं. शेत गेलं, निदान मासा तरी आमचा, ठेकेदाराला नको, असं तिथल्या विस्थापितांच्या सोसायट्या म्हणतात. देवासच्या दक्षिणेला इंदिरा सागर. आणि सरदार सरोवराचं हेच पाणी आपल्या नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यात आहे, त्यामुळे हे दुखणं परकं नाही.

आमचं म्हणणं, कापायचंच असेल तर पिंजऱ्यांपासून सुरुवात करा. एका पिंजऱ्याचा खर्च ३ लाख धरलाय. ६० टक्के अनुदान मिळणाऱ्या आदिवासी भावालाही १ लाख २० हजार स्वतःचे घालावे लागतात. कुठून आणणार? मेळावे आणि फ्लेक्सही कमी करा, कोणी रडणार नाही. पण बोटुकलीला हात लावू नका. पावसाळ्यात कटला-रोहूचं बीज सुटलं नाही आणि पैसा दिवाळीनंतर आला, तर ते वर्ष गेलंच. १६ जून ते १५ ऑगस्टच्या मासेमारी बंदीतली मदतही तशीच.

तंत्रज्ञानाचं म्हणाल तर समुद्रातल्या १ लाख बोटींना ट्रान्सपॉन्डर द्यायला ३६४ कोटी ठेवले. चांगलंच झालं, आपल्या पालघरच्या भावांचा जीव त्याने वाचेल. धरणावर मात्र गरज साधी आहे: बर्फाची पेटी, खरं वजन दाखवणारा काटा, लाइफ जॅकेट. सप्टेंबर २०२४ पासून डिजिटल नोंदणी सुरू झाली, पण रेंज नसलेल्या गावात फॉर्म भरून देणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या खात्यात धरलाय?

जिल्हा मत्स्य कार्यालयाने आराखडा पक्का करण्याआधी सोसायट्यांना दोन आकडे दाखवावेत: पूर्ण पैसा आला तर काय करणार, आणि तिसरा हिस्सा कापला तर काय सोडणार. नंदुरबारच्या सोसायट्यांनीही हेच मागावं. पत्राचा नमुना आपल्या ऑफिसात ठेवलाय, सही-शिक्का करून या महिन्यातच द्या.