खिडकीतला किल्ला

मंडळी, परवा नातवाने विचारलं, "आजोबा, सोनगीरच्या किल्ल्यावर बघण्यासारखं काय आहे?" चूक त्याची नाही, माझी. जन्मभर वर्गात रायगड-प्रतापगड शिकवले. खिडकीतून दिसणारा किल्ला कधी शिकवलाच नाही.

"तो फारुकींचा, आपला काय संबंध?" म्हणे! अहो, पायथ्याशी तांब्यापितळेची भांडी घडवणारे आपलेच ना? इतिहासाचार्य राजवाडे दारोदार हिंडून जुनी दप्तरं गोळा करत. १९२६ साली ते धुळ्यातच वारले. १९२७ पासून त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे. आणि आपण सरकारी फलकाची वाट बघत बसतो!

असो. भाच्या-पुतण्यांनो, यंदा दिवाळीला आलात की आधी गड चढायचा, मग फराळ. मी काठी घेऊन पुढे असेन.