खर्चाचा रकाना

सोलापुरात पावसाळ्याच्या दिवसांत ओळखीचं माणूस भेटलं की ख्यालीखुशालीच्या आधी विचारतं, ‘उजनी प्लसमध्ये आली का?’ बाहेरगावच्या माणसाला हा प्रश्न कळायला वेळ लागतो. धरण भरलेलं असेल, रिकामं असेल. ते उणे कसं असेल? पण भीमेवरच्या उजनीचा हिशेबच तसा आहे. ११७ टीएमसीच्या या जलाशयात जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा आणि त्याच्या वर साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी काढायची ती वरच्या साठ्याची. तो संपला की शून्य. शून्यावर उपसा थांबत नाही, म्हणून मग उणे दहा, उणे तीस. २०२४च्या जूनमध्ये हा आकडा उणे साठच्या घरात होता. म्हणजे कागदावर ‘मृत’ ठरलेल्या साठ्यातलंही सुमारे ३२ टीएमसी संपलं होतं.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यातल्या चौकटींनी हे एकक आपल्या अंगवळणी पाडलं आहे. कोयना किती, वारणा किती, खडकवासला किती, हे जुलै ते ऑक्टोबर रोज छापून येतं आणि आपण ते वाचतो. नोव्हेंबर उजाडला की चौकट गळते. ते पाणी पुढे कुठे, कोणाकडे, किती गेलं हे कोणी छापत नाही, आणि आपणही विचारत नाही. पाडव्याला नवी वही घालणारा कुठलाही व्यापारी जमा लिहून खर्चाचा रकाना कोरा ठेवणार नाही. कृष्णा खोऱ्याची वही आपण वर्षानुवर्षं तशी ठेवली आहे. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग या वहीवर आहे.

जमेची बाजू सोपी आहे असं मात्र कोणी समजू नये. नदीतून किती पाणी वाहतं हे थेट मोजता येत नाही. मोजता येते ती पातळी, रुंदी, खोली आणि वेग. मोजणी केंद्रावरचे कर्मचारी पात्राच्या रुंदीचे भाग पाडतात, प्रत्येक भागात खोली घेतात आणि पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवर करंट मीटर सोडतात. मीटरच्या वाट्या प्रवाहात फिरतात, फेऱ्यांवरून वेग निघतो, वेगाला त्या भागाच्या छेदानं गुणलं की विसर्ग. सगळ्या भागांची बेरीज झाली की नदीचा त्या वेळचा विसर्ग हाती येतो. हे कधी होडीतून चालतं, कधी पुलावरून. तासातासाला हा खटाटोप शक्य नसतो. म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांना केलेल्या मोजण्यांवरून एक वक्ररेषा आखतात: अमुक पातळी म्हणजे तमुक विसर्ग. मग नुसती पातळी वाचून काम भागतं. पण वाळू उपसली गेली, गाळ बसला, खाली एखादा बंधारा झाला की रेषा खोटी पडते आणि पुन्हा पाण्यात उतरावं लागतं. महापुरात आकड्याची निकड सर्वांत जास्त, आणि नेमकी तेव्हाच होडी घालायची सोय नसते.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं सांगली बुडाली का, हा वाद तेव्हा पेटला आणि अजून विझलेला नाही. पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषी धरलं नाही. ते अनेक सांगलीकरांना पटलं नाही. आणि कर्नाटकाला धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. या वादात पडण्याची ही जागा नाही. एवढंच म्हणतो की पुलावर रंगवलेल्या फुटांच्या खुणा सगळ्यांना दिसतात, त्या फुटांचा विसर्ग किती हे ठरवणारी रेषा फार थोड्यांना दिसते.

कृष्णेचं आंतरराज्य वाटप अशाच एका नोंदवहीवर उभं आहे. विजयवाड्याला १८५५ साली बंधारा बांधून झाला आणि तिथल्या प्रवाहाची नोंद पुढे लवादाच्या कामी आली. न्यायमूर्ती बचावत यांच्या लवादानं १९७३ साली निवाडा दिला तो १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या आकड्यांवरून. शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी तरी मिळेल असं पाणी त्यांनी २०६० टीएमसी धरलं आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८०० दिलं. वापरून नदीत परतणाऱ्या पाण्याचा थोडा वाटा वेगळा. २०१० साली ब्रिजेशकुमार लवादानं १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षं घेतली, तर त्याच पंचाहत्तर टक्क्यांना २१७३ टीएमसी आले. पासष्ट टक्क्यांना २२९३, सरासरी २५७८. महाराष्ट्राचा वाटा ६६६ झाला, पण सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानं तो निवाडा राजपत्रात आला नाही, म्हणून व्यवहारात अजून १९७३च चालू आहे. नदी तीच, खोरं तेच २ लाख ५८ हजार ९४८ चौरस किलोमीटरचं. कुठली वर्षं हिशेबात घ्यायची हे बदललं आणि शंभरावर टीएमसी वाढले.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या काठावरच्या राज्यांनी १९२२ साली करार केला, तेव्हा त्यांच्या हाती थोड्याच वर्षांच्या नोंदी होत्या आणि ती वर्षं नेमकी पावसाची निघाली. नदीनं नंतर कधी सातत्यानं दिलं नाही इतकं पाणी त्यांनी कागदावर वाटून टाकलं. शंभर वर्षं ते निस्तरणं चालू आहे. त्या मानानं आपल्या लवादानं काम चोख केलं होतं, हे आवर्जून सांगायला हवं.

आता खर्च. बचावत लवादाच्या निवाड्यातला सर्वांत कमी वाचला गेलेला भाग हा की वापर कसा मोजायचा हेही त्यात लिहून ठेवलं आहे. सिंचनासाठी उचललेलं पाणी शंभर टक्के वापर धरायचं. शहराच्या घरगुती पुरवठ्याचं फक्त वीस टक्के, कारखान्यांचं अडीच टक्के. उरलेलं नदीत परत येतं असं गृहीत. आणि भूजलाचा उपसा कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून मोजायचाच नाही. १ जून ते ३१ मे या जलवर्षाच्या तपशीलवार नोंदी प्रत्येक राज्यानं ठेवायच्या.

वीस टक्क्यांची गोष्ट पुण्याच्या खाली राहणाऱ्यांनी नीट वाचावी. पुणं खडकवासला साखळीतून पाणी उचलतं. मंजूर किती आणि उचललं किती, यावर महापालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यात दरवर्षी खडाजंगी होते, कारण दोघांचे आकडे जुळत नाहीत. उचललेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के परत येतं हे गृहीतक मात्र खरं ठरलं आहे. ते मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि उजनीत साठतं, आणि ते कसल्या रंगाचं असतं हे धरणाकाठच्या गावांना विचारावं. लवादाच्या हिशेबात पाणी म्हणजे पाणी. त्यात गुणवत्तेचा रकाना नव्हता. काही पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात शेतीसाठी सोडायचं ठरलं, सोडलंही जातं, आणि किती सोडलं यावर पुन्हा तोच वाद.

भूजलाची सूट तर आज वाचताना थक्क करते. १९७३ साली विहिरीवरची मोट लोकांच्या आठवणीत ताजी होती, सबमर्सिबल पंप आजच्यासारखा सर्रास नव्हता. आज सांगली, सोलापूर, पुणे, सातारा या जिल्ह्यांत बोअर किती खोल गेली हाच गप्पांचा विषय असतो. पावसाळ्यानंतर नदी वाहते ती जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर. ते पाणी वरच्या वर उपसलं तर नदीच्या नोंदीत फक्त एवढंच दिसतं की प्रवाह लवकर आटला. कोणी आटवला, ते नाही. कायद्याच्या दृष्टीनं कोणीच नाही.

खोऱ्यात काटेकोर मोजणी कुठे होते, तर पाणी पश्चिमेला वळतं तिथे. कोयनेतून वीजनिर्मितीसाठी कोकणात किती उतरवायचं याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे आणि त्याचा हिशेब राहतो, कारण टर्बाइनमधून गेलेल्या प्रत्येक घनमीटराची वीज होते आणि विजेचं बिल होतं. मुळशीसारख्या टाटांच्या धरणांचंही तेच. ज्या पाण्याचं पुढे काहीतरी विकलं जातं ते मोजलं जातं, असा कोणी निष्कर्ष काढला तर त्याला चूक म्हणणं अवघड आहे.

उलट टोक पाहायचं असेल तर उन्हाळ्यात भीमेच्या काठानं जावं. सोलापूर शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून उजनीतून नदीत पाणी सोडतात. ते आठवड्याहून अधिक काळ पात्रातून रांगत औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांपर्यंत पोहोचतं. धरणाच्या दारात किती सोडलं ते माहीत असतं. बंधाऱ्यात किती आलं तेही. मधल्या पाण्यातलं काही वाळूत जिरतं, काही उडतं, काही ओळीनं बसवलेल्या मोटारींतून उसाला जातं. त्यांचं प्रमाण काय, हे सांगणारं मीटर काठावर नाही. म्हणून प्रशासनाकडे एकच हत्यार उरतं: पाणी चालू असेपर्यंत दोन्ही काठांची वीज तोडायची. ज्याला मोजता येत नाही त्याला अंधारात बसवायचं! शेतकरी चिडतो, शहर तहानलेलं राहतं, आणि पिण्याच्या नावानं सोडलेल्या पाण्याचा बराच भाग पिण्यापर्यंत येत नाही.

कालव्यावरही आपली जुनी सवय क्षेत्र मोजण्याची आहे, पाणी मोजण्याची नाही. सात नंबरचा अर्ज भरायचा, पीक आणि क्षेत्र लिहायचं, पाळी आली की दार उघडायचं, मग मोजणीदारानं हेक्टर मोजून पाणीपट्टी लावायची. त्या हेक्टरात चार पाणी दिलं की आठ, ते बांधावरचा माणूस जाणे. २००५च्या कायद्यानं पाणीवापर संस्थांना घनमीटरवर पाणी द्यायचं ठरवलं. दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी ते करून दाखवलं: संस्थेच्या वाट्याचं पाणी मोजून घ्यायचं आणि आपापसात आपणच वाटायचं. वाघाडचं कौतुक भरपूर झालं. अनुकरण त्या मानानं फारच थोडं, कारण मोजमापाचं साधन चारीवर बसवणं सोपं आहे, ते पुढच्या हंगामापर्यंत शाबूत ठेवणं कठीण.

महाराष्ट्रातल्या उसाचं उदाहरण घ्या. पिकाखालच्या जमिनीच्या चार टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस सिंचनाचं सत्तर टक्के पाणी पितो, हे विधान भाषणाभाषणांत ऐकू येतं. टीकाकार ते ठोकून सांगतात, कारखानदार ठोकून नाकारतात. मूळ आकडा हा अंदाज आहे, मोजणी नाही. उसाला पाणी फार लागतं यात शंका नाही. पण राज्यातल्या सर्वांत मोठ्या पाणीवादात दोन्ही बाजू मीटरशिवाय भांडतात, याची कोणालाच लाज वाटत नाही.

आकडा नसण्यात सोयही असते. २०११-१२च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दिसलं की दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राचं प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर आलं. एक-दशांश टक्का. राजकारण ढवळून निघालं, २०१२मध्ये श्वेतपत्रिका निघाली, चौकश्या लागल्या. त्यानंतर बरीच वर्षं आर्थिक पाहणीत एकूण सिंचित क्षेत्राच्या जागी ‘उपलब्ध नाही’ असं छापलं गेलं. एवढ्या साध्या दोन शब्दांनी एवढं मोठं काम केल्याचं दुसरं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आणि जिथे आकडा कायद्यानं बांधला जातो तिथे काय होतं? शेजारच्या गोदावरी खोऱ्यात पाहा. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४च्या आदेशानं १५ ऑक्टोबरचा साठा पाहून जायकवाडीसाठी नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही ते ठरतं. जायकवाडीच्या साठ्याची ६५ टक्के ही रेघ. त्यामुळे दर दिवाळीच्या तोंडावर दोन प्रदेश न्यायालयाच्या पायऱ्यांवर दिसतात. भांडण कटू आहे, पण ते निदान एका तारखेवर आणि एका आकड्यावर आहे. कृष्णा खोऱ्यात, आपल्या वाट्याच्या ६९ हजार चौरस किलोमीटरांत, भीमेचा वरचा आणि खालचा काठ अजून त्या पायरीलाही आलेला नाही.

साधनं नाहीत ही सबब आता टिकत नाही. उपग्रहावरून शेताच्या तापमानाचं चित्र घेऊन पिकानं किती पाणी हवेत सोडलं याचा अंदाज करता येतो. लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८पासून कोणालाही फुकट मिळतात. शेतात न उतरता, कोणाच्या बोअरला हात न लावता तालुकावार खर्च दिसू शकतो. तो अंदाजच असेल, चुकेलही. जमिनीवरची मोजणी त्याला धरून सुधारावी लागेल. पण नदीची वक्ररेषासुद्धा अशीच चुकत-सुधारत आपण शंभर वर्षं वापरली.

या विभागासाठी लेखकांना आम्ही एकच अट घातली होती: आकडा द्यायचा तर तो कुठे आणि कोणी मोजला ते सोबत लिहायचं. काही लेख त्यामुळे उशिरा आले, एक-दोन अर्ध्यावर आले. एका ज्येष्ठ लेखकानं तर ‘मग मला लिहिताच येणार नाही’ असं प्रांजळपणे कळवलं आणि त्याऐवजी कथा पाठवली. ती कथा विभागात आहे आणि उत्तम आहे. वाचकांपैकी कोणाकडे आपल्या विहिरीच्या पातळीच्या, गावातल्या पर्जन्यमापकाच्या किंवा पाळीच्या जुन्या नोंदी असतील, तर त्या तारखांसह आमच्याकडे पाठवाव्यात. पाडव्यानंतर त्या वापरून खोऱ्याचा एक तक्ता करायला आम्ही घेणार आहोत.