परीक्षकांनी पाहिले, वऱ्हाडाने केव्हा पाहावे?

टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२३ साली जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ या मराठी चित्रपटाला आशियाई चित्रपटांसाठी असलेले ‘नेटपॅक’ पारितोषिक मिळाले. विदर्भातल्या खेड्यातील मुलगी ‘पाहण्याचा’ कार्यक्रम आणि कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला तिचा बाप, हा त्याचा विषय. त्यापूर्वी २००९ मध्ये सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. शेजाऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही त्याच वाटेने जाईल, या भयाने त्याच्यावर सतत नजर ठेवणारी शेतकऱ्याची बायको त्यात आहे, आणि तिची बोली वऱ्हाडी आहे.

या गौरवाचा आनंद आहेच. परंतु ज्यांच्या जिण्यावर असे चित्रपट उभे राहतात, त्या अकोट-दर्यापूरच्या माणसांचा या व्यवहारात वाटा कोणता? परीक्षक मंडळ म्हणजे मोजकी जाणती माणसे. छायाचित्रण, संकलन, अभिनय यांची पारख ती उत्तम करतील. पण पडद्याखालची भाषांतरे वाचणाऱ्याला पात्राच्या तोंडची वऱ्हाडी खरी की बेतलेली, हे कसे उमगावे? कर्ज मागायला गेलेला माणूस दारात असाच उभा राहतो काय, हे कोणी सांगावे? तो निवाडा इथलाच प्रेक्षक देऊ शकतो, आणि त्याला कोणी विचारीत नाही.

व्यापाराच्या नकाशात मात्र वऱ्हाडाला स्थान आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडची जुनी प्रांतरचना १९५६ साली मोडली, तरी चित्रपट वितरक या टापूला अजून ‘सीपी-बेरार’ म्हणूनच ओळखतात. इथे मोठ्या ताऱ्यांचे चित्रपट धो धो येतात. लहान मराठी चित्रपटाच्या वाट्याला आडवेळेचा एखादा खेळ येतो, आणि तोही मजुराला न परवडणाऱ्या तिकिटाचा.

लोकांना आपलेच दुःख पडद्यावर नको असते, असा युक्तिवाद यावर होतो. तो वऱ्हाडात तरी करू नये. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी कर्ज, दारू आणि पशुबळी हेच कीर्तनाचे विषय केले; त्या कीर्तनांना माणसे लोटत. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला १९३७ मध्ये व्हेनिसच्या परीक्षकांनी गौरविले, आणि मुंबईत तोच चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. तेव्हा परीक्षकांची आणि सामान्यांची पसंती परस्परविरोधी असते, हे कोणी ठरविले?

मराठी चित्रपटांना राज्य शासन ‘अ’ आणि ‘ब’ दर्जा ठरवून अनुदान देते. म्हणजे तिथेही पुन्हा परीक्षकच! या अनुदानाला एक अट जोडावी. चित्रपट तालुक्याच्या गावी, कापूस विकून हाती चार पैसे आल्यावर, माफक दरात दाखविला गेला पाहिजे. सभागृहांची सबब चालणार नाही. अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह आहे, अमरावतीत संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन आहे; तालुक्यात शाळा आहेत, बाजार समित्यांची आवारे आहेत. आणि खेळ संपल्यावर दिग्दर्शकाने तिथे थांबावे. परदेशी महोत्सवात प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जातातच; दर्यापूरच्या प्रेक्षकांचे प्रश्न अधिक अवघड असतील, इतकेच.