बॅट वाढत्या अंगाची नको

सोयाबीन निघाले, शेतातली घाई थोडी कमी झाली की आपल्या हिंगोली जिल्ह्यात गावोगाव टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचे फलक लागतात. त्याच दिवसांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात कोपर धरून शाळकरी मुले येऊ लागतात. परवा असाच एक बारा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला होता. "डॉक्टरसाहेब, हात लचकला म्हणून दोनदा चोळून घेतला, पण लेकराला पाण्याचा तांब्या उचलंना," वडील सांगत होते. मुलगा उजव्या हाताने खेळणारा, दुखत होता तो डावा कोपर. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही. मी विचारले, "बॅट कुणाची?" उत्तर आले, "दादाची." दादा बारावीला.

टेबलावरची लांब पट्टी त्याच्या हातात देऊन मी त्याला उभे राहायला सांगितले. त्याने ती इतकी आवळली की बोटांची पेरे पांढरी पडली. डावा कोपर उचलून थेट खांद्याच्या रेषेत नेला. "सर असंच सांगतात. घट्ट धर, कोपर वर." सरांचा हेतू चांगलाच आहे. पण या दोन सूचना माझ्या मते अर्धवट आहेत, आणि मोठ्या बॅटसोबत दिल्या तर अपायकारक.

मूठ आवळणारे स्नायू हाताच्या पुढच्या बाजूला असतात. पण मूठ वळताना मनगट आत वाकू नये म्हणून मागच्या बाजूच्या स्नायूंनाही तेवढेच ताणून राहावे लागते. हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात. तिथे रोज ओढ बसली की प्रौढांना टेनिस एल्बो होतो. नाव टेनिसचे असले तरी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांनी रॅकेट पाहिलेलीही नसते. ते गवंडी असतात, धुणे पिळणाऱ्या बाया असतात. वाढत्या वयात धोका थोडा वेगळा. मुलांच्या कोपराजवळ हाड वाढण्याच्या कूर्चेच्या जागा असतात, त्या स्नायुबंधापेक्षा कच्च्या असतात आणि साधारण चौदा ते सतरा वर्षांपर्यंत बुजतात. तोवर सततची ओढ त्यांच्यावर येते.

कोपराच्या या दुखण्याने सचिन तेंडुलकरलाही सोडले नाही. २००४ मध्ये त्याच्या डाव्या कोपराला टेनिस एल्बो झाला आणि मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर मुलाची प्लॅस्टिकची बॅटही उचलवत नव्हती, असे त्याने पुढे सांगितले आहे. २५ ऑक्टोबर २००५ रोजी नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा करून तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतला, तेव्हा आपल्या भागातल्या अनेकांनी तो डाव जीव मुठीत धरून पाहिला असेल. सचिन जड बॅट वापरायचा. लहानपणी थोरला भाऊ अजितची बॅट घेऊन खेळल्यामुळे दांडा अगदी खाली धरायची सवय लागली, असे त्यानेच लिहिले आहे. दुखण्याचे कारण तेवढेच होते असे म्हणता येणार नाही. पण भावाच्या बॅटने हाताची ठेवण कशी ठरते, ते यातून दिसते.

हात खाली का सरकतो? कुदळ दांड्याच्या टोकाला धरून उचला, मग लोखंडाजवळ धरून उचला. वजन तेच, पण फरक लगेच कळतो. एखादी वस्तू फिरवताना तिचे वजन हातापासून किती दूर आहे याला फार महत्त्व असते. अंतर दुप्पट झाले की फिरवण्याला होणारा विरोध चौपट होतो. लांब बॅट मुलाला म्हणूनच आवरत नाही. मग तो खालच्या हाताने ती ओढतो, मनगट वाकवतो, मूठ आवळतो.

मूठ आवळून फटका जोरात बसतो, हाही गैरसमज. लेदरचा चेंडू बॅटवर जेमतेम एक हजारांश सेकंद टेकतो. तेवढ्यात हाताचा दाब काही भर घालू शकत नाही. जोर येतो तो त्याआधी बॅटला मिळालेल्या वेगातून, आणि आवळलेले मनगट तो वेग कमीच करते.

मग शिकवायचे काय? वरचा हात बॅट चालवतो, खालचा हात फक्त साथ देतो. वरच्या हाताची पकड पक्की, खालच्या हाताची अंगठा आणि पहिल्या दोन बोटांपुरती, सैल. दोन्ही हात जवळजवळ, आणि अंगठा-तर्जनीमध्ये होणारे दोन्ही कोन एका रेषेत. सरळ फटक्यात वरचा हात पुढे आला की कोपर आपोआप वर येतो. तो मुद्दाम उचलायला लावला की खांदा आखडतो. सराव हलक्या वस्तूने करावा. ज्याची कसोटी सरासरी ९९.९४ राहिली तो डॉन ब्रॅडमन लहानपणी स्टंपने गोल्फचा चेंडू टोलवत असे, जड बॅटने नव्हे.

कोणता हात वर ठेवायचा, हेही मुलाला ठरवू द्या. सचिन डाव्या हाताने लिहितो आणि उजवा खेळतो. सांगलीची स्मृती मानधना मूळची उजव्या हाताची, पण खेळते डावखुरी. दोघांचाही बळकट हात वर येतो. सगळ्यांनी तसेच करावे असे नाही, पण दोन्ही बाजूंनी खेळून पाहायला काय हरकत आहे?

आता खरा मुद्दा. त्या मुलाचे वडील म्हणाले, "लहान बॅट घेतली तर वर्षात अपुरी पडते." आपण कपडे वाढत्या अंगाचे घेतो, तशीच बॅटही. पण सैल सदऱ्याने इजा होत नाही, मोठ्या बॅटने होते. बॅट एक ते सहा नंबर, मग हॅरो, मग पूर्ण मापाची अशी मिळते. निवडताना मुलाला वरच्या एका हाताने ती समोर आडवी उचलून धरायला सांगा. दहा आकडे मोजेपर्यंत हात थरथरला किंवा खाली आला, तर बॅट त्याची नव्हे. नवी परवडत नसेल तर सुताराकडून जुनी बॅट खालून कापून घ्या. शाळांच्या क्रीडा साहित्यात सगळ्या बॅट मोठ्या मापाच्या असतील, तर पुढच्या खरेदीत निम्म्या तरी चार, पाच, सहा नंबरच्या घ्याव्यात, ही मुख्याध्यापकांना विनंती. खर्च वाढणार नाही.

आणखी एक. मार लागलेला किंवा सुजलेला कोपर चोळून घेऊ नका, ओढून घेऊ नका. जोराच्या मालिशने स्नायूत हाड धरू शकते आणि कोपर कायमचा आखडतो. बर्फ कापडात गुंडाळून लावा, हात झोळीत ठेवा. हात पूर्ण सरळ होत नसेल, रात्री दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा आठवडाभर दुखणे राहिले, तर थेट दवाखान्यात या.

त्या मुलाला मी खेळ बंद करायला सांगितले नाही. काही आठवडे हाताला विश्रांती, मग मापाची बॅट, एवढेच सांगितले. दादाची बॅट काही पळून जात नाही. लेकराचा हात वाढू द्या.