उत्तर बरोबर, मग गुण कां कापले?

दरवर्षीं सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका घरीं गेल्या कीं कांहीं पालक आम्हांस भेटावयास येतात. तक्रार बहुधा एकच असते: मुलाचें उत्तर बरोबर आहे, मग गुण कां कापले? ठाणें, डोंबिवली, कल्याण येथून पहाटेची गाडी धरून मुंबईस कामास जाणारीं हीं माणसें रजा टाकून आलेलीं असतात. म्हणून त्यांस द्यावयाचें उत्तर येथें जरा सविस्तर लिहितों.

तक्रारीचीं उदाहरणें पुष्कळदां एकसामयिक समीकरणांचीं असतात. दहावीच्या पुस्तकांत त्यांसाठीं क्रेमरचीही रीत दिली आहे. तीन निश्चयक काढावयाचे, दोन भागाकार करावयाचे, कीं उत्तर हातीं आलें. शिकवणीच्या वर्गांत ही रीत घोटून घेतात. कांहीं मुलें तर मोबाईलवर उत्तर काढून तेवढेंच उतरवितात. रीत खोटी नाहीं. परंतु समीकरणें काय सांगत आहेत याकडे तिच्यामुळें मुलाचें लक्ष जात नाहीं, असें आमचें मत आहे. शिवाय अव्यक्तें चार झालीं कीं पांच निश्चयक, व प्रत्येकांत चोवीस पदें!

आमचा आग्रह लोपाच्या रीतीचा आहे. सहगुणक ओळींनीं मांडावे, उजवीकडे उभी रेघ ओढून तिच्या पलीकडे ज्ञात संख्या लिहाव्या, आणि एका ओळीच्या पटींतून दुसरीची पट वजा करीत एकेक अव्यक्त घालवावें. महाविद्यालयांत या मांडणीस विस्तारित सारणी म्हणतात व रीतीस गाउसचें नांव देतात. गाउसच्या पुष्कळ शतकें आधीं चिनी लोक हीच रीत मोजणीच्या काड्या मांडून करीत. त्यांच्या नऊ प्रकरणांच्या गणितग्रंथांतील आठवें प्रकरण तिचेंच आहे.

आपल्याकडील उदाहरण याहून गोड आहे. कल्याणहून मनमाडकडे जाणारी गाडी पुढें चाळीसगांवास जाते. त्याच्याजवळ पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला. त्याचा शिलालेख तेथें सांपडला आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, व बीजगणित हा ग्रंथ ११५० चा. त्यांत अव्यक्तांस काळा, निळा, पिवळा अशा रंगांवरून नांवें आहेत, आणि एक प्रश्न असा आहे: चौघांजवळ अनुक्रमें घोडे ५, ३, ६, ८, उंट २, ७, ४, १, खेंचरें ८, २, १, ३, बैल ७, १, २, १. चौघांची संपत्ति सारखी. तर प्रत्येक जनावराची किंमत काय?

आचार्यांनींही एकेक वर्ण घालवीतच उत्तर काढलें. आपण तें सारणीनें करूं. पहिल्यांतून दुसरा, तिसऱ्यांतून दुसरा, चवथ्यांतून तिसरा वजा केला तर बाकी शून्य. बैल रेघेपलीकडे नेले कीं घोडा, उंट, खेंचर या क्रमानें मांडणी अशी होते:

२  −५   ६ | −६
३  −३  −१ | −१
२  −३   २ |  १

तिसरींतून पहिली वजा केली: ०, २, −४ | ७. दुसरीच्या दुपटींतून पहिलीची तिप्पट वजा केली: ०, ९, −२० | १६. या दुसऱ्या बाकीच्या दुपटींतून पहिल्या बाकीची नऊपट काढली, तर राहतें ०, ०, −४ | −३१. म्हणजे चार खेंचरांची किंमत एकतीस बैलांएवढी! बैल ४ धरला तर खेंचर ३१, उंट ७६, घोडा ८५. आणि प्रत्येकाची संपत्ति ८५३ भरते. मुलांनीं ती स्वतः मोजून पाहावी. हे आंकडे दुप्पट केले तरीही चालतात, कारण अव्यक्तें चार आणि समीकरणें तीन. प्रश्नानें किंमती सांगितल्याच नाहींत, प्रमाण मात्र सांगितलें. ही गोष्ट नुसत्या उत्तरावरून कधींच समजली नसती.

मागें आम्हीं परीक्षेंत असा प्रश्न घातला होता: दोन वडापाव व एक चहा यांचें बिल ५० रुपये, चार वडापाव व दोन चहा यांचें ९०. एका मुलानें निश्चयक काढला, तो शून्य आला, आणि त्यानें 'अनंत उकली' असें लिहिलें. दुसरा निश्चयक तपासता तर चूक कळती. तितकी तसदी घेतली नाहीं. त्याची आई भेटावयास आली. त्या डोंबिवलीस पोळीभाजी केंद्र चालवितात. आम्हीं त्यांच्यापुढें कागद ठेवला:

२  १ | ५०
४  २ | ९०

व दुसरींतून पहिलीची दुप्पट वजा केली: ० ० | −१०. आमचें लिहून पुरें होण्याच्या आधींच त्या म्हणाल्या, "अहो सर, माल दुप्पट आणि पैसे दुप्पट नाहीत? मग एक बिल चुकलंय, नाहीतर कोणाला तरी सूट दिलीय." शून्याबरोबर उणे दहा होणें शक्य नाहीं, म्हणून उकल नाहीं, आणि दुसरें बिल १०० चें असतें तर खालची ओळ सारी शून्य झाली असती, म्हणजे तेंच बिल दोनदां दाखविलें असतें. मुलानें कागद आपल्याकडे ओढला, नवी रेघ मारली, आणि १०० घालून तें उदाहरण पुन्हां मांडूं लागला.