मॅडम वॉकर यांची गोष्ट अर्धीच का सांगितली जाते?

१/ महिला दिन जवळ आला की एक कथा हमखास फिरू लागते. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी एक कृष्णवर्णीय विधवा; तिचे केस गळू लागतात, स्वप्नात औषध सापडते, ती गरम कंगव्याचा शोध लावते आणि अमेरिकेतील पहिली स्वकष्टार्जित दशलक्षाधीश स्त्री होते. नाव मॅडम सी. जे. वॉकर. कथा प्रेरक आहे. मात्र तिचा काही भाग चुकीचा आहे आणि जो बरोबर आहे तो अपुरा आहे. #धागा

२/ कंगव्याचा शोध वॉकर यांनी लावला नाही. तापवून केस सरळ करणाऱ्या धातूच्या फण्या त्यांच्या आधीपासून वापरात होत्या. स्वप्नाची कथा त्या स्वतःच सांगत, आणि जाहिरातीला ती सोयीची होती. मलमात गंधक व पेट्रोलियम जेली हे मुख्य घटक. डोक्याच्या त्वचारोगांवर गंधक चालतो हे वैद्यांना पूर्वीच ठाऊक होते. १९१९ साली त्या वारल्या तेव्हा मालमत्तेचे मूल्य सहा लाख डॉलरच्या आसपास निघाले.

३/ मग मोठेपण कशात? ते समजण्यासाठी आधी केस का गळत, हे पाहावे लागते. गुलामगिरी संपून जेमतेम एक पिढी झालेली. घरात नळ नाही, न्हाणे आठवड्या-पंधरवड्याने, साबण कडक क्षाराचा, आहार निकृष्ट. डोक्यावर खवले, जखमा, टक्कल. या स्त्रियांना नटण्याआधी डोके बरे करून हवे होते.

४/ ही गरज ओळखून व्यवसाय उभारणाऱ्यांत ॲनी टर्न्बो मलोन वॉकर यांच्या पुढे होत्या. जन्म १८६९, इलिनॉय. आईवडील पूर्वी गुलामीत होते. ॲनी लहानपणीच पोरक्या झाल्या. १९०२ मध्ये त्या सेंट लुइसला आल्या, दारोदार फिरून बायकांचे केस फुकट धुऊन दाखवू लागल्या. मालाचे नाव ‘पोरो’. याच पोरोच्या विक्रेत्यांपैकी एक होत्या सेंट लुइसमधल्या कपडे धुणाऱ्या सारा ब्रीडलव्ह.

५/ १९०५ मध्ये सारा डेन्व्हरला गेल्या, पुढच्या वर्षी चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह केला आणि ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने स्वतःचा माल विकू लागल्या. त्याच वर्षी मलोन यांनी ‘पोरो’ हे नाव कायद्याने नोंदवून घेतले. दोघींचे हाडवैर खरे. एकीचे मूळ दुसरीच्या धंद्यात होते, हेही खरे.

६/ २०२० च्या ‘सेल्फ मेड’ या मालिकेने या इतिहासाचे काय केले? मलोन यांच्यावर बेतलेले पात्र उजळ वर्णाची, मत्सरी खलनायिका म्हणून उभे केले. नायिका एकटीच हवी असली की गुरूला खलनायिका करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गुलामीतून सुटलेल्यांच्या पोरक्या मुलीवर असा अन्याय करमणूक म्हणून खपला.

७/ या धंद्याची खरी निर्मिती बाटलीत नव्हतीच. गोऱ्यांच्या दुकानांत फळीवर जागा नाही, बँकेत पत नाही. म्हणून दोघींनी बायकांनाच शिकवले: केस कसे धुवायचे, माल कसा दाखवायचा, हिशेब कसा ठेवायचा. चर्च, महिला मंडळे, शेजारपाजार हीच बाजारपेठ. कृष्णवर्णीय स्त्रीला तेव्हा खुली असलेली कामे म्हणजे मुख्यतः शेत, गोऱ्यांचे स्वयंपाकघर आणि धुणे. साराला धुण्याचे दिवसाला दीड डॉलरही मुश्किलीने मिळत.

८/ १९१२ मध्ये शिकागोला कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या राष्ट्रीय परिषदेत अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन वॉकर यांना बोलूच देईनात. शेवटी त्या न बोलावता उभ्या राहिल्या आणि कापसाच्या शेतापासून कारखान्यापर्यंतचा प्रवास सांगून बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनाच वक्त्या म्हणून निमंत्रण गेले. वर्णभेदाविरुद्धचे व्यासपीठही स्त्रीला आपोआप मिळत नव्हते. (महाराष्ट्रातील वाचकांना हे ओळखीचे वाटेल.)

९/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा सारा गोऱ्या सौंदर्यकल्पनेचा दास्यभाव होय. त्या काळचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक व संपादकही असे म्हणत, आणि ते निराधार नव्हते. ‘केस सरळ करणारी’ हे बिरुद वॉकर नाकारत. पण त्यांच्या पश्चात, १९२० च्या दशकात, त्यांच्याच कंपनीने त्वचा उजळवणारे मलम विकले. यावर पांघरूण घालू नये. मात्र असा आक्षेप घेणाऱ्या किती पुरुषांनी त्या विक्रेत्यांना धुण्याच्या टोपलीशिवाय दुसरे काम देऊ केले होते?

१०/ १९१७ मध्ये वॉकर यांच्या प्रतिनिधी फिलाडेल्फियाला जमल्या. संख्या दोनशेहून अधिक. विक्रीची बक्षिसे वाटली गेली, आणि त्याच अधिवेशनातून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार गेली: झुंडबळी थांबवा. ईस्ट सेंट लुइसच्या हत्याकांडाला काही आठवडेच झाले होते. प्रसाधने विकणाऱ्या बायका राष्ट्राध्यक्षाला जाब विचारत होत्या! ‘यशोगाथा’ म्हणून फिरणाऱ्या संदेशांत ही तार सहसा नसते.

११/ मलोन यांनी १९१८ मध्ये सेंट लुइसला पोरो कॉलेज बांधले: कारखाना, शाळा, सभागृह, वसतिगृह. शहरातील इतर सभागृहे ज्यांना बंद होती त्यांच्या सभा तिथे भरत. १९२७ च्या घटस्फोटात पतीने निम्म्या धंद्यावर हक्क सांगितला. दोन लाख डॉलर देऊन तडजोड झाली. पुढे कराची थकबाकी, सरकारी जप्ती. वॉकर यांचे चरित्र त्यांच्या पणतीच्या मुलीने, अलेलिया बंडल्स यांनी, २००१ साली लिहिले. मलोन यांना मूलबाळ नव्हते.

१२/ आणि त्या हजारो विक्रेत्या? त्यांची मिळकत गोऱ्या मालकाच्या मर्जीवर नव्हती, म्हणून त्यांना नोकरीवरून काढता येत नव्हते. १९५७ च्या जानेवारीत साउथ कॅरोलिनातील जॉन्स बेटावर प्रौढांना मतदार नोंदणीपुरते लिहायला-वाचायला शिकवणारा वर्ग सुरू झाला. शिक्षिकेचे काम अनुभवी मास्तरांऐवजी बर्निस रॉबिन्सन यांना दिले गेले. त्यांचा व्यवसाय केशभूषेचा.